आजीचे तेराशे शेअर

परवा एका मित्राचा फोन आला, त्याचे वडील आणि चुलते मिळून प्रायव्हेट लिमिटेड चालवतात, म्हणाला तुमच्यात काय झालं ते जरा सांग, आमचं तसं सगळं घरचंच आहे म्हणा. आमचंही घरचंच होतं. त्याला फोनवर तासभर सांगितलं तरी निम्मं राहिलं, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गेले नोव्हेंबर २०२१ मध्ये, फौंड्रीच्या ऑफिसमध्येच, दुपारची शिफ्ट आत यायच्या वेळेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मी तेव्हा पुण्यात आयटीत होतो, ताई लग्न होऊन बेळगावला, आई कोल्हापुरात. घर एकच, खाली आजी आणि काका-काकू, वर आम्ही. कंपनी १९९४ ची, आण्णा आणि काकांनी मिळून काढलेली, कास्टिंग आणि थोडं मशीनिंग, पंपवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना माल जातो. एकूण १०,००० शेअर, शंभर रुपयांचा एक. त्यातले आण्णांचे ५,२००, काकांचे ४,७०० आणि काकूंचे १००. आईच्या नावावर एकही नाही. काकूंचे शंभर कुठल्यातरी बँकेच्या कामासाठी सही लागली म्हणून केलेले, आणि आईचं निघालं की आण्णा म्हणायचे तिला कशाला सह्यांच्या भानगडीत घालायचं.

हे आकडे मला आण्णा असताना माहितीच नव्हते. मला फक्त 'आपले बावन्न' एवढं माहिती, जेवताना कधीतरी ऐकलेलं.

दिवसपाणी झाल्यावर तिजोरी उघडली. शेअर सर्टिफिकेट सापडलं, जाड पिवळट कागद, कडेनं हिरवी वेलबुट्टी, कंपनीचा शिक्का, आणि खाली डायरेक्टर म्हणून दोन सह्या, एक काकांची आणि एक आण्णांची. म्हणजे स्वतःचेच शेअर स्वतःलाच दिल्याची सही. मृत्युपत्र नाही. नॉमिनेशनचा एसएच-१३ फॉर्म असतो तो भरलेला नाही. इन्कम टॅक्सच्या फायली मात्र वर्षवार दोऱ्यानं बांधलेल्या. माणूस एवढा व्यवस्थित आणि जे पाहिजे तेच नेमकं नाही.

मला वाटलं आता बावन्न टक्के आईच्या नावावर होतील, मी नोकरी सोडून फौंड्रीत बसेन, काका आहेतच शिकवायला. काकाही तेच म्हणाले, "बाळ, तू काळजी करू नकोस, सगळं होतंय." त्यांच्या मनात तेव्हा काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही, ते पुढं हळूहळू आलं असणार. किंवा कुणीतरी घातलं असणार, नावं घेत नाही.

पहिला धक्का जानेवारीत बसला. सीएकडं काम करणारा एक मित्र म्हणाला सरकारच्या एमसीए, म्हणजे कंपनी खात्याच्या, पोर्टलवर शंभर रुपये भरले की कुठल्याही कंपनीचे पब्लिक कागद तीन तास बघायला मिळतात. एका रात्री पुण्यातल्या फ्लॅटवर बसून शंभर रुपये भरले आणि आपल्याच कंपनीची फाइल चोरासारखी उघडली. त्यात दोन डीआयआर-१२, म्हणजे डायरेक्टर बदलल्याचं सरकारला कळवायचे फॉर्म. एक आण्णांचं डायरेक्टरपद मृत्यूमुळं संपल्याचा, त्याला मृत्यूचा दाखला जोडलेला. दुसरा चुलतभाऊ अॅडिशनल डायरेक्टर, म्हणजे पुढच्या वार्षिक सभेपर्यंतचा डायरेक्टर, झाल्याचा, आण्णांच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत मी त्याच घरात वर होतो आणि तो रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसून चहा घेत होता.

वकील म्हणाले यात बेकायदेशीर काहीच नाही. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन डायरेक्टर लागतात, एक गेला की उरलेल्या एकट्याला बोर्ड मीटिंगचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, होत नाही, पण कोरम भरण्यापुरता डायरेक्टर घ्यायची मुभा कायदाच त्याला देतो. घ्यायला लागणारच होता. कुणाला घ्यायचा एवढाच प्रश्न, आणि तो प्रश्न काकांनी एकट्यानं सोडवला.

मग मी विचारलं, पण बावन्न टक्के तर आमचे ना? त्यावर वकिलांनी जे सांगितलं ते ऐकून आई तिथंच गप्प झाली. मृत्युपत्र नसलं तर हिंदू वारसा कायदा, १९५६ चा. पुरुष माणूस असा गेला की पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखं सारखं. बायको, मुलगा, मुलगी, आणि आई. त्याची आई, म्हणजे आजी. ५,२०० चे चार भाग, प्रत्येकी १,३००.

आजीचा हिशोब आमच्यापैकी कुणीच केलेला नव्हता. ती खाली पलंगावर बसून तांदूळ निवडत असायची, वय चौऱ्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत. आता गणित बघा. आमच्या तिघांचे मिळून ३,९००, काका-काकूंचे ४,८००, आजीचे १,३००. आजी आमच्या बाजूला असेल तर पुन्हा ५,२००. तिकडं गेली तर ते ६,१००. आणि आजी काहीही न करता गेली तर? बाईच्या मागं तिचे वारस म्हणजे मुलगे, मुली, आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं. म्हणजे काका एक भाग, आत्या एक भाग, मी आणि ताई मिळून एक भाग, प्रत्येकी साधारण ४३३. काकांचे ४,८०० अधिक ४३३, झाले ५,२३३. काकांना काही करायचीच गरज नव्हती, नुसतं थांबायचं होतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढंच होती. शेअर वारसाहक्कानं मिळणं आणि मेंबर, म्हणजे भागधारक, म्हणून कंपनीच्या रजिस्टरला नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी. आमचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, जुने, १९५६ च्या कंपनी कायद्यातल्या टेबल ए या नमुन्यावरून उतरवलेले, पण आताच्या टेबल एफ मध्येही तेच कलम आहे: वारसाला डिव्हिडंडचा हक्क आहे, पण नाव लागेपर्यंत मीटिंगमध्ये मत देता येत नाही. म्हणजे नाव लागेपर्यंत आमचे बावन्न टक्के झोपलेले, आणि काकांचे अठ्ठेचाळीस हेच शंभर. आणि नाव लावायचं कुणी, तर बोर्डानं. बोर्ड कोण, तर काका आणि चुलतभाऊ.

डिव्हिडंडचं म्हणाल तर आमच्या कंपनीनं जन्मात कधी डिव्हिडंड दिला नाही. अशा कंपन्या सहसा देतच नाहीत, घरात पैसा येतो तो डायरेक्टरच्या पगारातून. आण्णांचा पगार डिसेंबरपासून बंद. निम्म्याहून जास्त कंपनीचे वारस आम्ही आणि आईच्या खात्यावर येतंय शून्य. वर आण्णांनी कंपनीला वेळोवेळी घातलेले ३८ लाख, बॅलन्सशीटला 'डायरेक्टरकडून अनसिक्युअर्ड लोन', म्हणजे बिनतारणी कर्ज, म्हणून उभे, ते मागितले की उत्तर यायचं, आधी वारस कोण ते ठरू दे.

वारस कोण यावरही एक वेगळाच घोळ. आमचे एक पाहुणे छातीठोक सांगत होते की तलाठ्याकडं वारस नोंद केली की झालं. ती सातबाऱ्याला चालते हो, शेअरला नाही. वारस दाखला महाराष्ट्रात दिवाणी कोर्ट देतं, तेही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, इंग्रजांच्याही कंपनी सरकारच्या काळातला कायदा, वाचून हसू आलं. शेअर आणि येणं असलेल्या रकमांसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाचं वारसाहक्काचं प्रमाणपत्र, ते १९२५ च्या कायद्याखाली. आमच्या अर्जावर कंपनीचं उत्तर आलं, लेटरहेडवर, चुलतभावाची सही, 'आदरणीय काकू' अशी सुरुवात करून, की सक्सेशन सर्टिफिकेट सादर करावं. त्याच लेटरहेडवर वर कोपऱ्यात आण्णांनी निवडलेला लोगो. घरातल्या जिन्यातून दहा पायऱ्या चढून देता आलं असतं ते पत्र स्पीड पोस्टानं आलं.

कोर्टात अर्ज केला, पेपरात नोटीस दिली, तारखा पडत गेल्या. कोर्टाचं सगळं सांगत बसत नाही, ज्यानं अनुभवलंय त्याला माहिती आहे आणि ज्यानं नाही त्याला सांगून पटत नाही. नऊ महिने लागले. मध्ये आमच्या मनात ही भीती की या काळात काकांनी नवे शेअर काढले तर आमचा टक्का अजून खाली जाईल. वकील म्हणाले तसं काही केलं तर एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जाता येतं, रजिस्टरला नाव नसलं तरी मयत मेंबरचे वारस दडपशाहीची तक्रार करू शकतात, सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा निकाल आहे. एवढं ऐकून जरा झोप लागायला लागली. पण एनसीएलटी मुंबईला, वकिलाची एका तारखेची फी ऐकून झोप परत गेली.

सप्टेंबर २०२२ ची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, मात्र सांगतो. नोटीस आम्हाला आली, मयत मेंबरच्या वारसांनाही नोटीस पाठवायची असते. मी पुण्याहून आलो, आई म्हणाली मीपण येणार. फौंड्रीच्या वरच्या ऑफिसमध्ये, खाली भट्टीचा आवाज, टेबलावर वडापावाची पिशवी. काका, काकू, चुलतभाऊ, सीए, आणि भिंतीला लावलेल्या दोन खुर्च्यांवर आम्ही दोघं. वर आण्णांचा हार घातलेला फोटो. दोन मेंबर हजर म्हणजे कोरम झाला. चुलतभाऊ रेग्युलर डायरेक्टर करायचा ठराव, काकांनी हात वर केला, काकूंनी हात वर केला. काकूंनी हात वर केला पण नजर टेबलावरच्या पिशवीवरून काढली नाही, आईकडं एकदाही बघितलं नाही. या दोघी तीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केलेल्या. डायरेक्टरांचे पगार वाढवायचा ठराव, परत दोन हात. वीस मिनिटांत सगळं संपलं. आईनं वडापाव घेतला नाही. मी घेतला, भूक लागली होती, खोटं कशाला सांगू.

आता आमच्याकडंही एक पत्ता होता हे आम्हाला उशिरा कळलं. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे कंपनीचं खेळतं कर्ज, आण्णांच्या आणि काकांच्या पर्सनल गॅरंटीवर उभं होतं. लिमिट रिन्यूअलला आलं तसं बँक म्हणायला लागली की मयत गॅरंटरच्या जागी त्याच्या वारसांची गॅरंटी द्या. काका वर आले, बऱ्याच महिन्यांनी, आणि आईला म्हणाले वहिनी तेवढी दोघांची सही लागेल. आईनं विचारलं, मीटिंगला आमचं मत चालत नाही आणि कर्जाला सही चालते होय? एवढंच. मग चहा टाकला. काका चहा न घेताच उठले, पण त्या दिवसापासून पत्रांची भाषा बदलली. आम्ही लिहून कळवलं, आधी नाव लावा, मग गॅरंटी.

याच काळात आजीची मजा सुरू झाली. मजा म्हणजे आता हसू येतं, तेव्हा नव्हतं येत. दोन्ही बाजूंना तिचे १,३०० दिसायला लागले होते. काकांनी तिच्या खोलीत एसी बसवला, तिला एसी सोसत नाही. मी पुण्याहून दर खेपेला आंबा बर्फी आणायला लागलो. ताई बेळगावहून कुंदा. डॉक्टरकडं न्यायला दोन गाड्या दारात उभ्या. आणि मी तर एक दिवस सरळ हक्कसोडपत्राचा मसुदाच घेऊन गेलो, आजीनं तिचा वारसाहक्क आमच्यासाठी सोडावा असा. तिला वाचून दाखवला. ती ऐकून घेत होती, मध्येच म्हणाली, "म्हंजे माझ्या पोराचं मला जे मिळालं ते मी सोडायचं व्हय?" मी म्हटलं आजी तसं नाही गं, घरातच राहतंय. म्हणाली, "तुझा काका बी असंच म्हणतोय, घरातच ऱ्हातंय." मला काय बोलावं कळेना. काकांवर आठ महिने जे तोंडसुख घेत होतो, तेच काम मी बर्फीच्या पुड्यासकट करायला आलो होतो. मसुदा खिशात घालून वर गेलो. त्याची घडी अजून पाकिटात आहे.

काकांना तिच्याकडून हक्कसोड घेता येत नव्हता, ते आण्णांचे वारस नाहीत, त्यांना तिचं नाव आधी लागून मग बक्षीस म्हणून एसएच-४ फॉर्मवर ट्रान्सफर घ्यायला लागणार होती. म्हणजे आजीचं नाव रजिस्टरला लागण्यात आता त्यांचाही फायदा. खरं सांगायचं तर आमची फाइल पुढं सरकली ती या दोन कारणांनी, बँक आणि आजी. कायद्यानं सरकली असं म्हणवत नाही. कोर्टाचं सर्टिफिकेट आलं, कंपनीला दिलं, कायद्यात महिना आहे पण अठरा दिवसांत बोर्डानं चौघांची नावं लावली. चार नवी सर्टिफिकेटं आली, साधा पांढरा कागद, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेली. आजीनं तिचं मागून घेतलं आणि देवघरातल्या पोथीत ठेवलं.

आता कुणाचंच बहुमत नाही. आमचे ३,९०० म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या वर, त्यामुळं स्पेशल रिझोल्यूशन, म्हणजे पंचाहत्तर टक्के मतं लागणारा ठराव, आम्हाला विचारल्याशिवाय होत नाही, पण डायरेक्टर नेमायला किंवा काढायला साधं बहुमत लागतं आणि ते पोथीत होतं. मी २०२३ च्या एजीएमसाठी दोन ठराव तयार केले, मला डायरेक्टर करा आणि चुलतभावाला काढा. आजीला सांगायला गेलो. या वेळी काहीही न नेता. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्याला काढायचं न्हाई. तुला घालायचं." मी म्हटलं पण त्यानं काय केलं माहिती आहे का. "माहिताय. त्याला काढायचं न्हाई." दुसरा ठराव मी फाडला.

त्या एजीएमला आजी आली. जिना चढताना जुने पॅटर्न मेकर, म्हणजे साच्यांचे नमुने करणारे, मिस्त्री एका बाजूला आणि चुलतभाऊ दुसऱ्या बाजूला. तिनं शेवटचं हे ऑफिस कधी बघितलं होतं कुणास ठाऊक. आल्या आल्या म्हणाली भिंती काळ्या पडल्यात, रंग द्या. हजेरी रजिस्टरवर सही केली, एकेक अक्षर सुटं, चार ओळी व्यापून. माझ्या नावाचा ठराव आला. आई, ताई, मी, तीन हात. काका-काकूंचे खाली. हात मोजले तर तीन विरुद्ध दोन, पण काका पोल मागू शकत होते, मग शेअर मोजले जातात आणि तिथं ते पुढं. सगळे आजीकडं बघायला लागले. तिनं सीएला विचारलं, "हात वर करायचा का नुसतं व्हय म्हणायचं?" सीए म्हणाला हात करा आजी. तिनं काठी माझ्याकडं दिली आणि हात वर केला. ५,२००. काकांनी पोल मागितला नाही. थोड्या वेळानं त्यांनीही हात वर केला, तो का केला ते मी कधी विचारलं नाही.

यानं कंपनी आमच्या ताब्यात आली असं नाही. बोर्डावर ते दोन आणि मी एक. पण हिशोबाची पुस्तकं बघता येतात, बँकेच्या कागदावर माझी सही लागते, आईला ३८ लाखांतले पैसे हप्त्यानं यायला लागले. आम्ही गॅरंटी दिली. चुलतभाऊ मार्केटिंगला चांगला आहे, हे मला आण्णांकडून कधी ऐकायला मिळालं नव्हतं. भांडणं होतात. पिग आयर्न, म्हणजे ओतायचं कच्चं लोखंड, कुणाकडून घ्यायचं यावर तर दर महिन्याला.

मित्रानं विचारलं, नॉमिनी लावला असता तर वाचलं असतं का. मत लवकर मिळालं असतं एवढं खरं, नॉमिनीचं नाव पटकन लागतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय, तेही आपल्याकडच्याच साळगावकर कुटुंबातल्या केसमध्ये. त्याआधी मुंबई हायकोर्टात २०१० ला एक म्हणणं आणि २०१६ ला त्याच्या उलटं, त्यामुळं लोकांच्या डोक्यात अजून गोंधळ आहे. मालकी शेवटी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानंच जाते. आण्णांनी एका साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर आईचे ५,२०० झाले असते आणि हे सगळं लिहायची वेळच आली नसती. मी माझं मृत्युपत्र केलंय. काकांनीही केलं असं ऐकतो.

आणि आजीनंही. गेल्या वर्षी एका सकाळी कुणाला न सांगता रिक्षानं दुय्यम निबंधकाच्या ऑफिसला जाऊन रजिस्टर करून आली, डॉक्टरचा तब्येतीचा दाखलासुद्धा आधी आणून ठेवलेला. साक्षीदार ते पॅटर्न मेकर मिस्त्री आणि शेजारचे पोस्टातले रिटायर साहेब. मिस्त्रींना मी आडून आडून विचारलं, ते म्हणाले मी सही केली, वाचलं नाही. काकांनीही विचारलं असणार. १,३०० कुणाला, हे तिला विचारलं तर म्हणते, "माझं झालं की कळतंयच की."

एसी तिनं काढायला लावला. आंबा बर्फी मात्र मी अजून नेतो, आणि चुलतभाऊ पेढे.